विहीणबाईंचे कोंबडे

कोल्हापुरात कोंबड्यालाही म्हातारपण येऊ शकतं, हे मला माझ्या विहीणबाईंमुळे कळलं. ज्या गावात पाहुण्याने दारात चप्पल काढायच्या आत स्वयंपाकघरातून खोबरं भाजल्याचा वास सुटतो, त्या गावाच्या वेशीवर बसून त्यांनी घरच्या घरी अंडी उबवली, कोंबडे वाढवले, ते आसपासच्या खेड्यांत नांदायला पाठवले, आणि एक अपवाद सोडला तर त्यांतला एकही रश्श्यात पडू दिला नाही. हे काम एखाद्या पैलवानाने केलं असतं तर त्याचा फेटा बांधून सत्कार झाला असता. पण ते केलं एका जैन बाईने, जिने उभ्या जन्मात अंडं चाखलं नव्हतं आणि साठी उलटेपर्यंत हातातही धरलं नव्हतं. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहावं असं तेव्हापासून मनात आहे, पण हात चालत नव्हता. विहीणबाईंबद्दल हळू आवाजात काही सांगताच येत नाही, आणि माझा सगळा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात ‘शांतता राखा’च्या पाटीखाली गेलेला.

त्या मूळच्या सीमेकडच्या. माहेरी निम्मं कानडी, सासरी शेती, तरुणपणीच वैधव्य आलेलं आणि एकुलत्या मुलाला एकटीने वाढवलेलं. त्यामुळे आवाज असा, की शहराच्या वेशीवरच्या कळंब्याला, आपल्या घरातून, त्यांनी मुलाला हाक मारली तर दोन गल्ल्या पलीकडचा दूधवाला ‘आलो, आलो’ म्हणायचा. फोन त्यांना निव्वळ शोभेचा वाटे. मला त्या ‘पावणं’ म्हणत. व्याह्याला तसंच म्हणतात, पण त्यांच्या तोंडी तो शब्द कधी मान असे, कधी दटावणी, आणि कधी ‘आता गप्प बसा’ असा हुकूम. माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा एकत्र शिकले आणि त्यांनी लग्न ठरवलं, तेव्हा बोलणी करायला आम्ही गेलो होतो. बैठकीत मानपानाचा विषय निघाला. विहीणबाईंनी तो हाताने माशी वारावी तसा उडवून लावला आणि माझ्या बायकोकडे बघून म्हणाल्या, “आमची एकच अट हाय. पोरीनं कांदा-लसूण खावा, माझी ना न्हाय. पर अंडं-मटण उंबऱ्याच्या भाईर. भाईर काय खाती ते मी इचारणार न्हाय, ती सांगणार न्हाय.” मुलगी लगेच ‘हो’ म्हणाली. माझी बायको मात्र घरी येईपर्यंत रिक्षात एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “पोरीला आता उकडलेलं अंडंसुद्धा मिळायचं नाही.”

हे वाक्य बायकोच्या डोक्यात दोन वर्षं मुरत राहिलं आणि मुलीला दिवस गेल्यावर ते उसळून वर आलं. डॉक्टरांनी मुलीला ताकद यावी म्हणून काय काय खायला सांगितलं, त्यात अंड्याचं नाव घेतलं. बायकोने तेवढंच ऐकलं. तिने तिच्या माहेरच्या ओळखीतून ताजी गावरान अंडी मिळवली, ती लाडवाच्या डब्यात भुश्शात रोवून बसवली, वर कागद घातला, कागदावर खरोखरीचे डिंकाचे लाडू रचले आणि मला सोबत घेऊन कळंब्याला गेली. विहीणबाईंनी डबा हातात घेतला आणि तिथेच फसलं. “लाडू आणि एवढं हलकं? विहीणबाई, डिंक घातलाय का नुसती हवा?” असं म्हणत त्यांनी झाकण उघडून डबा ताटात उपडाच केला. लाडू घरंगळले, भुस्सा पसरला आणि सहा अंडी त्यात निवांत पहुडलेली दिसली. एकही फुटलं नाही. त्या घराच्या स्वयंपाकघरात अशी शांतता त्यापूर्वी कधी पसरली नसेल. मला ती शांतता ओळखीची होती, पण सवयीच्या माणसालाही ती सोसवेना.

मला वाटलं, आता आमची धिंड निघणार. पण विहीणबाई पाटावर बसल्या आणि त्या अंड्यांकडे टक लावून बघू लागल्या. मग स्वतःशीच, म्हणजे अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, बोलू लागल्या. “टाकून दिली तर मी मारल्यागत. माघारी दिली तर ही नेऊन उकडणार, म्हंजी मी मारायला दिल्यागत. ठेवून घेतली तर नासणार.” माझी बायको म्हणाली, “अहो, अंडंच आहे ते.” त्यावर विहीणबाईंनी मान वर केली. “अंडंच न्हवं विहीणबाई, कुणीतरी वाटंवर हाय. निघालेल्याला निम्म्या वाटंत अडवायचं न्हाय.” आणि त्यांनी मुलाला अशी हाक मारली की दूधवाल्याने घंटा वाजवली. मुलाला हुकूम झाला तो असा: औषधाच्या दुकानातून थर्माकोलचं खोकं आणायचं, बल्ब आणायचा, आणि सासऱ्यांना पुस्तकं वाचायला येतात तर त्यांनी ह्याचं पुस्तक शोधायचं.

पुस्तक मी आणलं. घरी अंडी उबवायची एक साधी माहितीपुस्तिका होती. मी एकेक वाक्य वाचायचं आणि विहीणबाईंनी ते मंजूर किंवा नामंजूर करायचं, अशी आमची पद्धत पडली. एकवीस दिवस लागतात, हे मंजूर झालं. खोक्यात साधारण अंगच्या उबेइतकी उष्णता हवी, हेही मंजूर झालं. थर्मामीटर ठेवला, पण भरवसा गालावर. अंडं उचलून गालाला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, “जरा तापलंय, बल्ब इझवा.” हवा कोरडी होऊ नये म्हणून खोक्यात पाण्याची वाटी ठेवायची, हे मंजूर झालं, पण पाणी गाळलेलं. “ती पाणी पीत नाहीत, नुसता ओलावा हवा असतो,” मी म्हणालो. “मग ओलावा गाळलेला असू दे की,” त्या म्हणाल्या. अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवायची, म्हणजे पिल्लू एका बाजूला चिकटत नाही. कुठली बाजू वर होती ते कळावं म्हणून पुस्तिकेत पेन्सिलीने खूण करायला सांगितलं होतं. विहीणबाईंनी प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला कुंकू लावलं आणि दुसऱ्या अंगाला हळद. त्यामुळे खोक्यात डोकावलं की कधी सहाही सवाष्णी कुंकू लावून बसलेल्या दिसत, कधी हळदीला बसलेल्या.

नामंजूर झालं ते एकच. आठवड्याभराने अंधारात अंड्यामागे विजेरी धरून आत पिल्लू धरलंय का ते बघावं, असं पुस्तिकेत होतं. मी ते वाचून दाखवलं तर विहीणबाई ताडकन उठल्या. “पोटातलं बघायचं? पावणं, एवढं शिकलायसा आणि हे सांगतासा? दवाखान्यात बोर्ड लावलेला असतोय, बघितलं तर जेल हाय.” मी म्हणालो, तो कायदा माणसांचा आहे. “माणसानं माणसापुरता केला म्हणून काय झालं? लाज सगळ्यांना असती.” विजेरी कपाटात गेली. एकदा भर दुपारी वीज गेली, तेव्हा त्यांनी स्टीलच्या डब्यांत गरम पाणी भरून ते फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवले आणि वीज कचेरीला फोन लावला: “घरात बाळंतपण हाय, लाईट सोडा!” तिकडच्या माणसाने घाबरून ‘कितवा महिना?’ विचारलं. “महिना न्हवं, सतरावा दिस,” विहीणबाई म्हणाल्या. वीज पंधरा मिनिटांत आली. खोटं बोललात का, असं मुलीने हसत विचारलं तर त्या दुखावल्या. “खोटं काय त्यात? तू एक आणि खोक्यात सहा. सात बाळंतपणं हाईत की घरात!”

पिल्लं बाहेर आली ती दुपारी. मी योगायोगाने तिथेच होतो. पहिल्या अंड्याला बारीक चीर गेली, आतून टोक टोक ऐकू येऊ लागलं आणि मग बराच वेळ काहीच होईना. मुलीचा जीव राहीना. ती नखाने कवच सोलायला गेली तशी विहीणबाईंनी तिचा हात धरला. “हात लावायचा न्हाय. ज्येचं त्येनं यायचं.” पुस्तिकेतही तेच होतं, पण पुस्तिकेत पुढचं नव्हतं. विहीणबाईंनी पदर खोचला, खोक्यापुढे मांडी घातली आणि खासबाग मैदानात कुस्ती बघावी तशा ओरडू लागल्या, “हाण! आजून एक हाण! आरं उलथीव की! शाब्बास!” माझी बायकोही त्या दिवशी होती. थोड्या वेळाने बघतो तर तीही ओरडत होती. पिल्लू ओलंचिंब बाहेर पडलं, मान टाकून धापा टाकत राहिलं, आणि दोघी विहिणी डोळे पुसत एकमेकींकडे न बघता आत चहा ठेवायला गेल्या. सहातली चार जगली. पुढे महिन्याभराने मुलगी बाळंत झाली तेव्हा विहीणबाई दवाखान्याच्या बाकावर अगदी शांत बसल्या होत्या. “मला आता सवय हाय,” त्यांनी नर्सला सांगितलं.

एकदा यश आल्यावर त्यांना सगळ्याच अंड्यांचा कळवळा आला. एके दिवशी त्या थेट कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि पांढऱ्या अंड्यांचा अख्खा ट्रे घेऊन आल्या. दुकानदाराला वाटलं, काकूंच्या घरी काहीतरी मोठाच बदल झाला. ज्या घरात कधी कुणी अंडं खाल्लेलं नाही त्याच घरात होऊ शकते अशी ही चूक होती. मोठं खोकं आलं, दोन बल्ब आले, तीस अंड्यांना हळदीकुंकू झालं. मी ते चार दिवसांनी पाहिलं आणि मला हसावं की सांगावं हे कळेना. सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. मग त्यांनी दुकानदारालाच घरी बोलावून खोकं दाखवलं. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, “काकू, ही फार्मची. ह्येंच्या आयांनी कोंबडा बघितलेलाच न्हाय.” विहीणबाईंचा चेहरा आधी उतरला, मग तांबडा झाला. माझ्या बायकोला मात्र नवीनच उजेड पडला. “म्हणजे विहीणबाई, ह्यात जीव नाहीच! मग पोरीला द्यायला काय हरकत आहे?” विहीणबाईंनी जरा विचार केला. त्या विचार करत असल्या की नाकातली चमकी हलायची. “हरकत हाय,” त्या म्हणाल्या. “घरात कुणी न्हाय म्हणून दुसऱ्याचं दार मोडून आत शिरायचं व्हय?”

त्यांच्या समाजातल्या बायकांनाही हे सगळं पचलं नव्हतं. मंदिरातून परतताना एकीने विचारलं, “अक्का, कोंबडी किडे खाते. त्या किड्यांचं पाप कुणाला?” विहीणबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अंगणात एव्हाना मोठ्या झालेल्या कोंबड्यांना पहाटेच एवढा जोंधळा आणि तांदळाची कणी घालायला सुरुवात केली, की किड्याकडे बघायची वासनाच राहू नये. कोंबड्या इतक्या सुटल्या की त्यांना अंगणाची पायरी चढवेना. पण विहीणबाईंनी मंदिरात जाऊन ठणकावून सांगितलं, “माझ्या कोंबड्या दिस बुडाला की दाणा तोंडात धरत न्हाईत. जन्मल्यापासनं. तुम्हांला हे व्रत कुणीतरी शिकवावं लागलं, त्यांना न्हाय.”

खरी अडचण कोंबड्यांची नव्हती, कोंबड्यांच्या नवऱ्यांची होती. कोंबडीने अंडं घातलेलं दिसलं की ते खोक्यात जायचं, आणि खोक्यातून निघालेल्यांत निम्मे नर असायचे. कोंबडी कुणीही आनंदाने नेई, अंडी देते म्हणून सांभाळी. कोंबडा मागायला येणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र मसालाच दिसायचा. विहीणबाईंनी पहिल्या पिल्लापाशीच शब्द दिला होता: माझ्या हातून जे जगात आलं ते कुणाच्या ताटात जाणार नाही. हा शब्द त्यांनी कुणाला दिला होता हे मी कधी विचारलं नाही. पण त्या तो घास मोडताना, पाणी गाळताना, नातवाला झोपवताना, सतत वाहत असायच्या, हे त्यांच्याकडे बघितलं की कळायचं. म्हणून कोंबडा द्यायचा तर त्या मुलगी द्यावी तशा देत. घर बघत, माणसं बघत, विचारत, “खाणारी किती? पिणारं कोण?” घेणारा देवाची, आईची, गुरांची शपथ घेई. महिन्याभरात त्या न कळवता जाऊन बघून येत.

एकदा बिद्रीच्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडे त्यांनी तांबूस, उंच शेपटाचा एक कोंबडा दिला होता. तो बघायला जाताना त्यांनी मला सोबत घेतलं. व्याह्याच्या स्कूटरवर मागे बसणं त्यांना शोभेना, म्हणून त्या एस.टी.ने गेल्या आणि मी स्कूटरवरून एस.टी.च्या मागोमाग. दर थांब्याला त्या खिडकीतून ओरडून ‘पावणं, हाईसा न्हवं?’ असं विचारत आणि सगळी एस.टी. वळून माझ्याकडे बघे. शेतकऱ्याने अंगणात घोंगडं अंथरलं. “या पावणं, या काकू, च्या घेऊया.” विहीणबाईंनी उभ्यानेच विचारलं, “कुटं हाय?” “रानात गेला असंल की. येतोय आता.” विहीणबाई कोपऱ्यातल्या केरसुणीकडे बघत होत्या. तिच्या काड्यांत एक लांब तांबूस पीस अडकलं होतं. शेतकऱ्याची बायको दारात आली, तिने ती नजर पाहिली आणि तिला खोटं रेटवलं नाही. “जत्रंला लेकीच्या सासरचं पावणं आलतं काकू,” ती पदराशी चाळा करत म्हणाली. “दुसरं काय न्हवतं घरात.”

विहीणबाई ओरडतील म्हणून मी वाट बघत होतो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तशाच वळल्या आणि थांब्यावर येऊन दगडावर बसल्या. एस.टी. येईपर्यंत एकच वाक्य बोलल्या, आणि तेही इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं. “मी भाईर काढला न्हवं त्येला पावणं. मीच ‘हाण, हाण’ म्हणत हुतो.” घरी येऊन त्यांनी बल्ब विझवला, खोकं माळ्यावर टाकलं, आणि त्या महिन्यात कळंब्याचा दूधवाला एकदाही हाकेला फसला नाही.

माझी मुलगी घाबरली. तिने आईला बोलावून घेतलं. माझी बायको गेली, विहीणबाईंच्या शेजारी बसली, आणि दोघी शेंगा फोडू लागल्या. मग बायको म्हणाली, “आमच्या माहेरी एक कोंबडा होता. सुपातलं खायचा, देवघरात शिरायचा, कुणी हाकलायचं नाही. माझ्या काकानं देवाला सोडलेला. सोडलेल्याला गावात कुणी सुरी लावत नाही, कितीही पाहुणे येऊ देत.” विहीणबाईंच्या नाकातली चमकी हलली. “कुठल्या देवाला?” “असतो की गावाकडचा. रागीट.” विहीणबाई उठल्या. “मग आमचा देव काय कमी हाय?” दुसऱ्याच दिवशी खोकं माळ्यावरून खाली आलं. पुढे प्रत्येक कोंबडा द्यायच्या आधी त्या त्याला बुट्टीत घालून मंदिराच्या फाटकाबाहेर नेत, तिथून हात जोडत, आपला मंत्र म्हणत आणि त्याच्या पायात पिवळा दोरा बांधत. घेणाऱ्याला सांगत, “आमच्या देवाला सोडलेला हाय. आता तू आणि त्यो बघून घ्या.”

याचा परिणाम असा झाला की मी थक्क झालो. खेड्यातली माणसं आपल्या देवाला ओळखून असतात. तो कशाने चिडतो, किती चिडतो आणि नारळावर भागतं की आणखी काही लागतं, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. पण जैनांचा देव? राधानगरीकडच्या एका म्हाताऱ्याने मला हे फार गंभीरपणे समजावून सांगितलं. “आमचा देव कोपला तर कोंबडं देऊन मिटवता येतंय, पावणं. ह्यो देव तर कोंबडं घेतच न्हाय. मग कोपला तर ह्येला द्यायचं काय?” या एका प्रश्नाने कोंबडे वाचले. मागणी वाढली. ज्याच्या दारात पिवळ्या दोऱ्याचा कोंबडा त्याच्या घराला मान, असं होऊ लागलं. बिद्रीकडचा तो शेतकरीही एके दिवशी बायकोसह आला, ओसरीच्या खाली उभा राहिला आणि म्हणाला, “काकू, एक डाव चुकलो. आजून एक द्या.” मला वाटलं त्या हाकलून देतील. त्यांनी त्याला सगळ्यांत देखणा कोंबडा दिला. मी कारण विचारलं. “ह्येच्या बायकोनं खरं सांगितलं हुतं,” त्या म्हणाल्या.

शेवटच्या दीड वर्षात त्यांना दम लागू लागला, पाय सुजू लागले. एस.टी.ची पायरी चढवेना. कोंबड्यांची विचारपूस कोण करणार, ही एकच काळजी. मंदिरातल्या बायका, शेजारी, त्यांचा मुलगा, सगळे ‘आम्ही जातो’ म्हणाले. त्यांनी मला बोलावलं. समोर बायको बसली होती. “पावणं, खरं सांगा. कोंबडं खातासा आजून?” बायकोने मला डोळ्यांनी खुणावलं, पण मी म्हणालो, “खातो. महिन्यातून एखाद्या वेळी.” “हं,” त्या म्हणाल्या. “तर मग तुम्हीच जावा. बाकीची माझं मन राखायला ‘समदं बरं हाय’ म्हणतील. तुम्ही जे बघशीला तेच सांगशीला.” आजवर मला निरोप समारंभ, शाल, श्रीफळ असं काय काय मिळालं. ते कुठे ठेवलंय हेही आठवत नाही. पण त्या दिवशी मी घरी येताना स्कूटर जरा ताठ बसून चालवली.

तेव्हापासून रविवार माझे झाले. मी जाऊन येई आणि कळंब्याला फाटकापाशी स्कूटर थांबवी. विहीणबाई खुर्ची टाकून बसलेल्याच असत. एकदा मला वाईट बातमी आणावी लागली. राधानगरीकडच्या त्या म्हाताऱ्याचा कोंबडा गेला होता. पावसाळ्यात त्याने चुलीपाशी मुक्काम हलवला, दिसेनासं झालं, मग म्हातारी त्याला हातावर भात भरवायची, आणि एका सकाळी तो टोपलीखाली नुसताच निजून राहिला. त्यांनी त्याला घरामागच्या परड्यात पुरलं, वर झेंडूचं रोप लावलं. मी हे जसंच्या तसं सांगितलं. विहीणबाई खुर्चीत पुढे सरकल्या. “म्हंजी म्हातारपणानं?” “म्हातारपणानं.” त्यांनी डोळे मिटले, आणि मग उरलेला सगळा श्वास गोळा करून अशी आरोळी दिली की गल्ली जमा झाली. “अवो ऐकलंसा का! आमचा कोंबडा म्हातारा हून गेला!” लोक मुलाच्या पहिल्या नंबरावर पेढे वाटतात. त्यांनी त्या दिवशी गूळ-खोबरं वाटलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो पाहून मलाही तो आपलाच कोणीतरी होता असं वाटू लागलं.

महिन्याभराने त्या गेल्या. दुपारी, झोपेतच.

आता त्यांची भीती कुणाला उरली नाही, असं मला वाटलं होतं. मला तर कुणी घाबरण्याचा प्रश्नच नाही. मी ओरडलो तरी कुणाला ऐकू जात नाही. तरी मी रविवारी निघतो. अंगणात स्कूटर दिसली की घरातली माणसं पाणी द्यायच्या आधी कोंबडा आणून पुढे उभा करतात, त्याचा पाय उचलून दोरा दाखवतात, कुणी नवा दोरा बांधलेला असतो. मी बघतो आणि चहा घेऊन उठतो. परवा परतताना कळंब्याच्या वळणावर स्कूटर नेहमीसारखी हळू केली. फाटकापाशी मुलगी उभी होती. “बाबा, आत या ना,” ती म्हणाली. मी हेल्मेट काढून म्हणालो, “सगळे आहेत.” ती ‘बरं’ म्हणाली आणि आत वळू लागली. मी मात्र तिथेच उभा राहिलो. विहीणबाई एवढ्यावर कधीच सोडत नसत. “समदं म्हंजी कोण कोण? नावानिशी सांगा,” असं म्हणत, आणि प्रत्येक नावाला ‘हं’ भरत. मुलगी थांबली, परत फाटकापाशी आली. मग मी भर रस्त्यात उभा राहून एकेकाचं नाव घेऊ लागलो. थोरला, तुरेवाला, मुका, बिद्रीचा देखणा, अर्ध्या शेपटाचा. मुलगी फाटकावर हात ठेवून ऐकत होती, आणि दुसऱ्या-तिसऱ्या नावानंतर तिने हळूच ‘हं’ भरायला सुरुवात केली.